नऊ ऑगस्टची रजा

४ जानेवारी २०१९, शुक्रवार

रोसिओ म्हणायची, तू बोलत नाहीस, आतल्या आत कुजतोस. तिचं ऐकायचे दिवस गेले. पण रोचाच्या बसस्टँडवर शाळेच्या वह्या विकायला होत्या, त्यातली एक घेतली. कव्हरवर घोडा आहे.

सकाळी वालिसासच्या वाळूतून तंबू उपटला आणि अंगठा दाखवत, तीन गाड्या बदलत ला बार्राला पोचलो. शेवटची गाडी एका मासेवाल्याची होती. उतरताना माझ्या सॅककडे बघून म्हणाला, "एवढं ओझं घेऊन इथं काय करणार? इथले लोक हातातली चष्म्याची डबीसुद्धा दुसऱ्याला धरायला देतात."

हॉस्टेल दुकानांच्या मागच्या गल्लीत आहे. एका खोलीत आठ बिछाने, वरखाली. मला खिडकीजवळचा वरचा मिळाला. मालकीण तेल्मा पन्नाशीची, ओठात सदैव विझलेली सिगारेट. ओळखपत्र पाहून म्हणाली, "त्रेंता-इ-त्रेस. गावाचं नाव तेहतीस, वयही तेहतीस. पुढच्या वर्षी काय करणार, गाव बदलणार?" तेव्हापासून ती मला तेहतीसच म्हणते.

सगळ्यांना सांगत आलोय की नोव्हेंबरात भाताच्या गिरणीतून काढलं, रोसिओपासून त्याआधीच सुटलो होतो, मोकळा झालोच आहे तर एकदा किनारा बघावा. हे खोटं आहे. वहीत खोटं लिहून काय मिळणार?

आई इथे आहे म्हणून आलो. हॉस्टेलपासून चालत पंचवीस मिनिटांवर, 'ला सेरेना' नावाच्या घरात. इथल्या घरांना नंबर नसतात, नावं असतात. लहानपणी पाकिटावर पत्ता मीच लिहायचो. मला वाटायचं, ला सेरेना ही कुणी बाई आहे आणि आई तिच्याकडे राहायला गेलीय. डिसेंबर ते मार्च हे घर, बाकीचं वर्ष त्याच लोकांचं मोंतेविदेओतलं घर. मी दोन वर्षांचा असल्यापासून ती तिथेच राहून त्यांचं सगळं करते.

मी इथे आलोय हे तिला माहीत नाही. माझ्या दारात ती जशी पाहुणीसारखी उभी राहायची, तसा एकदा मी तिच्या दारात उभा राहणार आहे.

६ जानेवारी, रविवार

तीन राजांचा सण, पोरांना भेटी मिळायचा दिवस. समुद्राकडच्या पायवाटेने 'ला सेरेना'च्या मागच्या बाजूला गेलो. बुटकी भिंत, निळ्या हायड्रेंजियाचे ताटवे आणि गालिच्यासारखं गवत. घर बहुतेक काचेचंच आहे. आतल्या माणसांना लपवायला काही नसतं की बाहेरच्यांकडे बघायची गरज नसते, कोण जाणे.

आई दिसली. फिकट निळा गणवेश, केस मागे घट्ट बांधलेले. राजांच्या उंटांसाठी पोरांनी आदल्या दिवशी ठेवलेलं गवत आणि पाण्याचं घमेलं उचलत होती. पाच-एक वर्षांची मुलगी नवी सायकल ढकलत आली, तिने आईच्या कमरेला मिठी मारली. आईने वाकून तिचं डोकं हुंगलं. कुत्री पिल्लाला हुंगते तसं.

किती वेळ उभा होतो माहीत नाही. कोपऱ्यावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, "काही हरवलंय का?"

"नाही."

"मग चालत राहा."

आमच्याकडे सुल्मामावशी माझे बूट खिडकीत ठेवायची. सकाळी त्यांच्याशेजारी आईने पाठवलेलं पार्सल असायचं. त्यात सान्तियागोचे आखूड झालेले शर्ट, सान्तियागोचं स्वेटर. कॉलरच्या आत लाल दोऱ्याने त्याच्या नावाची अक्षरं. तो त्या घरचा मुलगा, माझ्याहून वर्षाने मोठा. सोळाव्या वर्षापर्यंत माझ्या मानेला त्याचं नाव टोचत होतं. सणाच्या दिवशी आई नसणं म्हणजे काय, हे ज्याला नव्हती त्यालाच विचारावं.

संध्याकाळी रोसिओचा निरोप: आपल्या अब्रीलने बूट खिडकीत ठेवले होते, तू काहीतरी पाठवणार होतास ना? फोनला चार्ज कमी होता, उत्तर दिलं नाही. पुढच्या आठवड्यात पाठवीन. सात वर्षांच्या पोरीला तारीख थोडीच कळते.

७ जानेवारी, सोमवार

दिवसभर वारा. वाळू दातांत. परत 'ला सेरेना'च्या वळणावर जाऊन आलो. तेल्मा म्हणाली, "लोक इथे समुद्र बघायला येतात. तू भिंती बघत फिरतोस."

९ जानेवारी, बुधवार

आज जे घडलं ते मी घडवलं नाही. तरी घडावं म्हणूनच रोज त्या वळणावर उभा राहत होतो, हेही खरं.

पांढरी मोठी गाडी थांबली. गॉगलवाला, पायात काही नाही, अंगावर चुरगळलेला पण चुरगळूनही महाग दिसणारा शर्ट.

"कुठे सोडू?"

"जाल तिकडे."

"वा. मला कधी असं म्हणता आलं नाही," म्हणत त्याने दार उघडलं. नाव सान्तियागो. ते मला त्याने सांगायच्या आधी कळलं होतं. कुठला विचारल्यावर मी गावाचं नाव सांगितलं, तर त्याने स्टिअरिंगवर थाप मारली. "आमची निबी तिथलीच."

"कोण निबी?"

"निबिया. आमच्याकडे असते. म्हणजे कामाला, पण तसं म्हणवत नाही. मला तिनेच वाढवलं. पोहायलाही तिने शिकवलं, आणि गंमत म्हणजे तिला स्वतःला पोहता येत नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ओरडत राहायची, हात मार, पाय मार."

मला पोहता येत नाही. ओलिमार नदी आमच्या घरापासून चार चौकांवर आहे.

"तिचं घरचं कुणी असेल ना," मी म्हटलं.

"कुणी नाही बिचारीला. आम्हीच." मग एकदम उत्साहाने, "रविवारी आसादो आहे आमच्याकडे, निखाऱ्यांवर मांस भाजणार. ये जेवायला. गावाकडचं माणूस बघून तिला बरं वाटेल. नाव काय तुझं?"

"नेल्सन," मी म्हटलं.

११ जानेवारी, शुक्रवार

कुणी नाही बिचारीला. दोन दिवस हेच डोक्यात.

मग नऊ ऑगस्टला ती कुणाकडे यायची? माझा वाढदिवस तिने एकदाही चुकवला नाही, हे मावशी अजून सगळ्यांना सांगते. सकाळच्या बसने यायची, दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत परत. अंगात काळा कोट. आमच्याकडे ऑगस्टात हिवाळा असतो मान्य, पण निळे-तपकिरी कोटही मिळतात; वाढदिवसाला काळा? आणि हातात पांढरी फुलं. पोरं हसायची मला. मुलाच्या वाढदिवसाला कोणती आई फुलं आणते? मावशी ती दुधाच्या बाटलीत ठेवायची. मला चेंडू हवा असायचा.

शिवाय मे महिन्यात चार दिवस. एवढीच आई माझ्या वाट्याला.

१३ जानेवारी, रविवार

नीट क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

बाराला पोचलो. सान्तियागो शेगडीपाशी निखारे सारत होता. त्याची आई, दोन्या एलेना, पांढऱ्या कपड्यांत छत्रीखाली बसलेली, पंचाहत्तरीची, हाताशी काठी. सान्तियागोची ती मुलगी, एमिलिया, सायकलवर गोल गोल फिरत होती.

"निबी, बघ कोण आलंय," सान्तियागोने हाक मारली. "तुझ्या गावचा. नेल्सन."

आई सॅलडचं भांडं घेऊन येत होती. ती अडखळली नाही. भांडं टेबलावर ठेवलं, त्यातला चमचा सरळ केला, हात एप्रनला पुसून पुढे केला.

"बसा," म्हणाली. "उन्हाचे आलात."

बसा. आलात. मला.

दोन्या एलेनाने माझी चौकशी केली. "तुमचे आईवडील काय करतात?"

"वडील कधी बघितले नाहीत. मावशीने वाढवलं."

"आणि आई?"

"आई कामाला असायची. लांब."

"कांदा घ्या," आई म्हणाली आणि भांडं माझ्यासमोर धरलं.

मांस तीच वाढत होती. माझ्या ताटात तुकडा ठेवण्याआधी तिने कडेची चरबी सुरीने काढून टाकली. बाकी कुणाच्या तुकड्याची काढली नाही. पाहुण्याला कमी वाढायची इथली रीत असेल. मला चरबी लहानपणापासून सोसत नाही, लगेच उलटी होते, त्यामुळे झालं ते बरंच झालं.

मग ती एमिलियाचे हात धुवायला आत गेली. दोन्या एलेना माझ्याकडे झुकून हळू आवाजात म्हणाली, "गावाकडच्या गप्पा जरूर मारा, पण लहान मुलांचा विषय तिच्यासमोर काढू नका. तिचा एक गेला."

"गेला?"

"दोन वर्षांचा होता. तापाने. आमच्याकडे आली तेव्हा महिनाभर ओट्याशी उभी राहून रडायची. विचारलं तर सांगेना. मी म्हटलं, असं असेल तर नको राहूस बाई, मला घरात रडं चालत नाही. तेव्हा बोलली. माझंच मला इतकं वाईट वाटलं. नऊ ऑगस्टला गेला तो. दरवर्षी त्या दिवशी मी तिला रजा देते, थडग्यावर जाऊन यायला. पांढरी फुलं मी स्वतः आणते. एकदा सान्तियागोच्या बहिणीचं लग्न त्याच आठवड्यात होतं, तरी पाठवलं."

सान्तियागो निखाऱ्याकडे बघत म्हणाला, "लहानपणी मी त्याच्यासाठी देवाला प्रार्थना करायचो. माझ्याएवढाच असता."

मी पाणी मागितलं. आईने आणून दिलं.

म्हणजे काळा कोट त्यासाठी. म्हणजे दुधाच्या बाटलीत उभी राहायची ती माझ्या थडग्यावरची फुलं. रजा मिळावी म्हणून आईने मला पुरलं आणि मग वर्षातून एक दिवस थडग्यावर यायचं म्हणून माझ्याकडे जेवायला यायची. एवढा हिशेबीपणा मी गिरणीच्या मुकादमातही पाहिला नाही.

१४ जानेवारी, सोमवार

दुपारी तेल्मा खोलीच्या दारात आली. "तेहतीस, बाहेर एक बाई आलीय. आत ये म्हटलं तर येत नाही. चपला काढून हातात घेऊन उभी आहे."

आईची सोमवारी दुपारी सुट्टी असते. आम्ही दगडांकडे गेलो.

"का आलास?" बसल्यावर तिने विचारलं.

"मेलेल्या माणसाला बघायला लोक येतात. म्हटलं, मेलेल्यानेही एकदा यावं."

तिने समुद्राकडे बघत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पेपरात लिहिलं होतं, राहून काम करणारी हवी, मूलबाळ नसलेली. मी मूल नाही म्हणून सांगितलं. रडायचं मात्र थांबेना. बाई काढायला निघाली. तोंडातून निघून गेलं ते, मिल्तन. एकदा निघालं ते निघालं."

"आणि तारीख? तीही तोंडातून निघून गेली?"

"तारीख विचार करून सांगितली," ती म्हणाली.

कबुलीच दिली तिने.

मग अब्रीलची चौकशी. "सणाला काय दिलंस तिला?"

"बाहुली."

"रोसिओला मी दर रविवारी फोन करते," आई म्हणाली. बस, एवढंच. म्हणजे या दोघी माझ्या पाठीमागे एक झाल्यात.

"हा माझा शेवटचा उन्हाळा आहे," ती म्हणाली. "मार्चमध्ये साठ पूर्ण होतात. निवृत्तीचे कागद तयार आहेत, बाईला अजून सांगायचंय. सुल्माच्या मागच्या खोलीत राहीन. रोसिओची कामाची पाळी सकाळची असते, अब्रीलला शाळेत पोचवायला कुणी नसतं. ते मी करीन. माझं ठरलंय."

"मग आजच सांग त्यांना. मी कोण आहे तेही सांग."

"नाही."

"का? लाज वाटते माझी?"

"तीस वर्षं ती बाई त्या तारखेच्या आदल्या रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारी बसून प्रार्थना करते. तिच्यात शंभर खोडी आहेत. पण ते तिने मनापासून केलंय. म्हातारी झाली आता. तिला कशाला सांगू की ते सगळं खोट्यासाठी केलंस?" तिने माझा हात धरायचा प्रयत्न केला. "मला या घरातून नीट निघू दे. निरोप घेऊन. दोन महिने. तू परत जा, पोरीजवळ राहा. मी मागोमाग येतेच."

मी येतेच. हे दोन शब्द मी पब्लिक फोनवर, रांगेतल्या माणसांची बोलणी खात, किती रविवारी ऐकलेत.

त्यांच्या भावनांची एवढी काळजी, आणि माझ्या?

१५ जानेवारी, मंगळवार

तेल्माला थोडंसं सांगितलं. सिगारेट न पेटवता तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, "तुझी मुलगी किती वर्षांची?"

"सात."

"शेवटची कधी भेटलास?"

ऑक्टोबर म्हटलं. नंतर आठवलं, सप्टेंबर. पण त्याचा इथे काय संबंध? आम्ही वेगळे झालोय, ती गोष्टच निराळी. तेल्माला मूल नाही, तिला कळायचं नाही.

१६ जानेवारी, बुधवार

सांगून टाकलं.

पाच वाजता गेलो. व्हरांड्यात दोन्या एलेना आणि सान्तियागो. निरोप घ्यायला आलोय म्हटलं. "बसा ना, चहा घेऊन जा," बाई म्हणाली आणि आत हाक मारली.

आई ट्रे घेऊन आली. मला बघितलं आणि मान अगदी थोडी हलवली. नको, अशी. मी ते पाहिलं. पाहिलं नाही असं नाही, हे लिहून ठेवतो.

"बाई, मी नेल्सन नाही," मी म्हटलं. "मिल्तन. जन्म नऊ ऑगस्ट पंच्याऐंशी. तुम्ही पाठवायचात ती फुलं मला पोचत होती. सगळी."

सान्तियागो हसला. "काय बोलतोय हा?"

बाईने माझ्याकडे नाही, आईकडे पाहिलं. "निबिया?"

"हो, बाई."

"हा?"

"हो, बाई. माझाच."

आईने ट्रे खाली ठेवला. कप आवाज न करता एकेक मांडले.

"दरवर्षी चर्चमध्ये मी त्याचं नाव घेऊन प्रार्थना सांगायचे," बाई म्हणाली.

"माहीत आहे बाई. मी शेजारीच असायचे."

"तू रडायचीस."

"ते खरं होतं, बाई."

मला वाटलं होतं, आरडाओरडा होईल, आई शेवटी माझ्या बाजूने दोन शब्द बोलेल, काहीतरी फुटेल. तसं काही झालं नाही. बाई बराच वेळ काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत बसली. मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, "मुलगा न्यायला आलाय तुला. जा त्याच्याबरोबर. एवढी वर्षं अडवलं ते माझं चुकलंच."

"मार्चपर्यंत थांबते, बाई. तुमची औषधं कुणालाच..."

"नको."

"आई, निदान एमिलियाला..." सान्तियागो म्हणाला.

"तिला मी सांगेन काय सांगायचं ते."

"ती समुद्रावरून येईपर्यंत थांबू?" आईने विचारलं. कुणाला विचारलं कळलं नाही.

एकतीस वर्षांचं सामान एका बॅगेत आणि एका खोक्यात मावलं. फाटकापाशी पहारेकऱ्याने बॅग उघडून आतले कपडे वरखाली केले. कामाच्या माणसांची बघतातच म्हणे, रोजचंच आहे. सान्तियागो सोडायला आला होता. तो हायड्रेंजियाकडे बघत उभा राहिला. बॅग बंद झाली तेव्हा आई त्याला म्हणाली, "एमिलियाच्या कानात पाणी जातं. कापूस घालत जा." त्याने मान हलवली. त्याचे डोळे ओले होते.

वाटेत मी बॅग मागितली. दिली नाही. तरी मला बरं वाटलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा ती त्या घरातून माझ्याबरोबर बाहेर पडली होती.

१७ जानेवारी, गुरुवार

आई माझ्या खालच्या बिछान्यावर झोपते. सकाळी उठलो तर ती नाही. स्वैपाकघरात होती. आठ खोल्यांतल्या पोरांची उष्टी भांडी घासून, ओटा पुसून, आता ओल्या फडक्याने फ्रीजच्या रबराच्या घड्या साफ करत होती. तेल्माने तिच्या हातातून फडकं काढून घेतलं आणि कडू माते-चहाचा तुंबा हातात दिला. "प्या आधी. इथे तुम्ही पाहुण्या आहात." आई तो तुंबा धरून बसली. प्यायली नाही.

मी म्हटलं, "चल, तुला पोलोनिओचं टोक दाखवतो. तंबू आहे माझ्याकडे, दोघांना पुरतो. सी लायन बघू. तू कधी काही बघितलं नाहीस."

"तुला काय मिळालं, मिल्तन?" तिने विचारलं.

"तू."

"मी येणारच होते."

"तू नेहमी येणारच असतेस."

तिने होकारार्थी मान हलवली, जणू मी किती वाजले ते सांगितलं होतं. मग म्हणाली, "त्रेंता-इ-त्रेसची बस कधी असते ते विचारून ये."

किती हट्टी. मी तिच्यासाठी एवढं केलं आणि ती दोन दिवस माझ्याबरोबर फिरायला तयार नाही.

१९ जानेवारी, शनिवार

बस दहाची होती. काल तेल्माने मला विचारलं, मार्च संपेपर्यंत चादरी, सफाई, पाहुण्यांची नोंद बघशील का? राहायला फुकट. मी हो म्हटलं. तिकडे जाऊन तरी काय करणार, गिरणी थोडीच परत घेणार आहे. आणि इथे आता मला कुणापासून लपायचं नाही. परवा पुलावर सान्तियागोची गाडी समोरून गेली. मीच त्याच्याकडे सरळ बघितलं. त्यानेच मान वळवली.

आईला स्टँडवर सांगितलं. ती खोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"मला वाटलं, तू येतोयस."

"हंगाम संपला की येतो. मार्चमध्ये. अब्रीलच्या शाळेच्या सुरुवातीला नक्की."

बस लागली. चढताना मी तिला कोपराला धरलं. किती हलकी झालीय, हे मला माहीत नव्हतं. पायरीवरून तिने वळून विचारलं, "अब्रील विचारेल. काय सांगू तिला?"

"सांग, बाबा कामाला आहे."

आईने माझ्याकडे पाहिलं. मागच्या लोकांनी दोनदा 'चला आजी' म्हटलं, तरी पाहत राहिली.

"नाही," म्हणाली. "ते मी नाही सांगणार. दुसरं काहीतरी शोध."

बस हलेपर्यंत मला काही सुचलं नाही. ती माझ्या बाजूच्या खिडकीत बसली नाही, पलीकडे बसली. तिकडे सावली होती म्हणून असेल.

२३ जानेवारी, बुधवार

एका दिवसात चव्वेचाळीस चादरी. पाठ मोडली. पण जेवण चांगलं आहे आणि दुपारी समुद्र आपला असतो.

तेल्मा आता तेहतीस म्हणत नाही. मिल्तन म्हणते. का ते विचारलं नाही.

२७ जानेवारी, रविवार

रोसिओचा निरोप आला होता. आई पोचली, मागची खोली झाडून घेतली, अब्रील तिच्याजवळच झोपते. दोघी सकाळी ओलिमारवर जातात. आई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहते आणि पोरगी हातपाय मारते. माझ्या वेळी नदी तिथेच होती.

म्हटलं, आज फोन करावाच. मावशीच्या घरचा नंबर लावला. अब्रीलनेच उचलला. मागे रेडिओ चालू होता, भांड्यांचा आवाज होता, कुणीतरी हसत होतं.

"मी बाबा," मी म्हटलं.

"आजी आंघोळ करतेय," ती म्हणाली. "तुम्ही नंतर करा."

बरं म्हटलं. बारा वाजता ब्राझीलची चार मुलं यायची होती, त्यांच्या खोलीच्या चादरी बदलायच्या राहिल्या होत्या.